अर्ध्या घराचा पट्टा

पनवेलमध्ये आम्ही नवराबायकोने जो व्यवसाय केला त्याला धड मराठी नाव नाही. कागदोपत्री त्याला ‘रेट्रोफिटिंग’ म्हणत. दगडविटांची, मातीत किंवा चुन्यात बांधलेली जुनी घरं न पाडता भूकंपात टिकतील अशी करायची, आणि जमलं तर उन्हाळ्यात राहण्यासारखीही करायची, एवढंच ते काम. मी स्थापत्य अभियंता, वसुधा वास्तुरचनाकार. भिंती माझ्याकडे, ऊन आणि वारा तिच्याकडे. लोक विचारायचे, “म्हणजे नवीन काय बांधता तुम्ही?” काहीच नाही म्हटलं की समोरच्याचा आमच्यातला रस संपायचा.

या दिवाळी अंकासाठी लिहायचं वसुधाने कबूल केलं होतं. तिचा विषयही ठरला होता, उन्हाळ्यातली घरं. ती गेल्याला आता दोन दिवाळ्या होतील. मी लिहितो आहे तो तिचा लेख नव्हे. तिने तो हसत हसत लिहिला असता. मला या गोष्टी आठवल्या की अजून राग येतो, आणि रागात लिहिलेलं वाक्य मला दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावं लागतं. म्हणून वेळ लागला.

आधी काम काय ते सांगतो. जुनी भिंत वरचं वजन खाली पोचवण्यासाठी बांधलेली असते. आडवा धक्का तिच्या हिशेबात नसतो. भूकंपात जमीन आडवी हलते, घराचे कोपरे उघडतात, चारही भिंती एकमेकींपासून सुटतात आणि बाहेर कोसळतात. त्यांच्यावर टेकलेलं छप्पर आत येतं. माणसं मरतात ती बहुतेक त्या छपराखाली. यावर उपाय फार विद्वत्तेचा नाही. दारंखिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या घराभोवती, आतून आणि बाहेरून, गिलावा खरवडून एक पट्टी मोकळी करायची. तिच्यावर लोखंडी जाळी बसवायची. भिंतीला आरपार भोकं पाडून आतली जाळी बाहेरच्या जाळीला सळईने बांधायची आणि वरून सिमेंटचा दाट गिलावा करायचा, की झाला पट्टा. कोपऱ्यांत तशाच उभ्या पट्ट्या. मग छपराचे वासे या पट्ट्याला जखडायचे. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात, तसंच हे. धाव आहे तोवर चाक चाक असतं.

सगळं झालं की वरून रंग. रंगानंतर काहीही दिसत नाही. आमच्या धंद्याचं दुर्दैव तिथेच होतं. ज्याला दाखवायला काही नाही, त्याला पाहुण्यांसमोर मान नाही.

भूजच्या भूकंपानंतर काही दिवस पनवेलकर घाबरले होते. आमच्याकडे चौकशीला माणसं यायची. ही भीती होळीपर्यंत टिकली. नंतर जे येत ते गिलावा सुटला म्हणून किंवा छप्पर गळतं म्हणून. तळ्याजवळ राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी आले ते कौलं उतरवून स्लॅब टाकायचाय म्हणून. भिंती मातीतल्या, फुगलेल्या. मी म्हटलं, या भिंतींवर एवढा बोजा टाकणं म्हणजे आजारी माणसाच्या डोक्यावर पोतं देणं. कौलं राहू द्या, भिंती बांधून घेऊ, खाली उष्णता अडवणारा थर देऊ.

“अहो, कौलं म्हणजे गरिबी,” ते म्हणाले. “मुलीचं लग्न ठरवायचंय मला. बघायला येणारे आधी वर बघतात.”

“मग वऱ्हाड गच्चीवरच बसवा,” वसुधा म्हणाली. “खाली नको.”

त्यांनी दुसरीकडून स्लॅब टाकून घेतला. शिवाय ग्रॅनाइटचा ओटा, शिवाय गेटवर दोन सिंह. मे महिन्यात त्या स्लॅबखाली भाकरी भाजून निघावी. ‘पक्कं घर’ या शब्दाने आमच्या भागातल्या घरांचं जेवढं नुकसान केलं तेवढं पावसानेही केलेलं नाही. हे मी सभांमधून बोललो, वर्तमानपत्राला लिहिलं. छापून आलं, त्याच पानावर खाली टॉवरची जाहिरात होती.

वसुधाची पद्धत वेगळी होती. ती घरात शिरली की नकाशा मागत नसे. सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या बाईला विचारायची, “दुपारी आडव्या कुठे होता?” त्या उत्तरावरून तिला घरातली सावली, वारा, तापणारी भिंत सगळं कळायचं. कुणी जिन्याखाली झोपत, कुणी देवघराच्या दाराशी, कुणी शेजारणीकडे. पुरुष मात्र छातीठोक सांगायचे, आमचं घर एकदम थंड. दुपारी ते घरात नसत.

दाऊदभाईंच्या घरीही तिने हेच विचारलं होतं. आता त्या घराबद्दल सांगतो, कारण लिहायला बसलो तो त्याचसाठी.

जुन्या बाजारामागे त्यांच्या आजोबांनी बांधलेलं दगडविटांचं लांबट घर होतं. त्याच्या मधोमध वाटणी झालेली. डावी बाजू थोरल्या दाऊदभाईंची, उजवी धाकट्या लतीफची. दोन दारं, दोन रंग, पण पुढची भिंत एक, मागची एक, आढं एक. दाऊदभाईंचं दोर आणि जाळ्यांचं दुकान होतं. खाडीकाठच्या करंज्याचे मच्छीमार त्यांचं जुनं गिऱ्हाईक. मी पट्ट्याचं समजावायला लागलो तर दोन वाक्यांतच त्यांनी हात वर केला.

“बस साहेब. दोर विकतो मी. गाठ पूर्ण फिरली पाहिजे, एवढंच ना?”

लतीफ तेव्हा दुबईला होता. फोनवर म्हणाला, “करा भाईजान, चांगलंच आहे.” दाऊदभाईंनी सगळ्या घराचं काम एकत्र काढलं. काशिनाथ हा आमचा गवंडी, करंजाड्याचा. त्याने पूर्ण घराला पट्टा घातला, कोपरे बांधले, वासे जखडले. डाव्या बाजूला वसुधाने कौलांखाली थर दिला, आढ्याला हवा जायला वाट काढली आणि पश्चिमेच्या भिंतीवर वेलाची सावली आणली. दाऊदभाईंच्या पत्नी, खैरूनभाभी, पहिल्याच एप्रिलमध्ये आमच्याकडे डबाभर सांदणं घेऊन आल्या. “ताई, पंखा बंद करून झोपले काल,” म्हणाल्या. अशी पावती आम्हाला क्वचित मिळायची.

मग लतीफ परत आला. त्याने द्रोणागिरी आणि करंजाड्याच्या प्लॉटांची दलाली सुरू केली. तो वाईट माणूस नव्हता. हसतमुख होता, आल्यागेल्याला विचारणारा. उजव्या बाजूची कौलं उतरवून त्याने रंगीत पत्रे चढवले आणि खाली नक्षीदार छत केलं. पत्रे चढवताना वाशांची जखडणी सोडली ती पुन्हा बांधलीच नाही. मागच्या अंगणातल्या नळावरून भावांचं बिनसलं. कुणा जाणकार मित्राने लतीफला सांगितलं, तुझ्या भिंतीत भावाने खर्च केलेलं बांधकाम सलग गेलंय, उद्या तो तुझ्या हिश्श्यावर हक्क सांगेल.

एका दुपारी खैरूनभाभींचा फोन आला. “ताई, भिंत कापतायत.”

आम्ही पोचलो तेव्हा काम संपलं होतं. वाटणीच्या रेषेवर, जिथे दोन रंग भेटत होते तिथे, कटर लावून पट्टा वरपासून खालपर्यंत चिरला होता. पुढे एक चीर, मागे एक चीर, आतूनही. जाळीची कापलेली टोकं उन्हात चकचकत होती. आमच्याबरोबर आलेल्या काशिनाथने चिरेवरून बोट फिरवलं.

“येवढा बांधला आमी,” तो म्हणाला, “आन् यांनी बरोबर हद्दीवर मारला. मोजून मारला. आता ता कामाचा नाय, साहेब. निस्ता लोखंड हाय.”

लतीफ बाहेर आला. आम्हाला बसायला खुर्च्या घातल्या, सरबत मागवलं.

“साहेब, नाराज नका होऊ. तुमचा पट्टा जसाच्या तसा आहे. भाईच्या बाजूला भाईचा, माझ्या बाजूला माझा. मी फक्त मधून वेगळा केला.”

“चाकाची धाव अर्धी बसवतात का, लतीफ?”

“चाक एक असतं साहेब. इथे घरं दोन आहेत.”

“भिंत एक आहे.”

“सिटी सर्व्हेत दोन आहेत,” तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. “चेक करा पाहिजे तर.”

मी आयुष्यात फार कमी वेळा आवाज चढवला आहे. त्या दिवशी चढवला. कोपरे, धक्के, किल्लारीत पाहिलेल्या भिंती, सगळं सांगितलं. म्हटलं, जमीन हलते तेव्हा ती वाटणीपत्र वाचत नाही. त्याने सगळं आदराने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, “अल्लाह खैर करे. पनवेलला कुठे होतंय एवढं.” हे वाक्य मी हिंदूंच्या, जैनांच्या, ख्रिश्चनांच्या, सगळ्यांच्या तोंडून आपापल्या देवाच्या नावाने ऐकलं आहे.

वसुधा दरम्यान आत गेली होती. बाहेर येऊन मला म्हणाली, “तुझं झालं असेल तर मी बोलू?” लतीफच्या बायकोला तिने नेहमीचा प्रश्न विचारला होता. उत्तर आलं, “भाभींकडे.” पत्र्याखाली दुपारी टिकणं शक्य नव्हतं. नवरे एकमेकांशी बोलत नव्हते, पण धाकटी जाऊ रोज जेवण आटोपलं की मागच्या दाराने थोरलीकडे जाऊन झोपत होती. “झगडा मर्दांचा आहे,” ती वसुधाला म्हणाली, “गर्मी आमची आहे.”

वसुधाने लतीफपुढे सौदा मांडला. तुझं छप्पर मी थंड करून देते. पत्रा राहू दे, खाली थर देऊ, वरून हवा काढू. पण त्यासाठी वासे पुन्हा पट्ट्याला बांधावे लागतील आणि पट्टा सलग असावा लागेल.

परतताना मी तिच्यावर चिडलो. जीव वाचवायची गोष्ट ही, ती गारव्याच्या आडून का सांगायची?

“मी खोटं काय बोलले?” ती म्हणाली. “छपराला पट्टा लागतोच. तू त्याला मरणाचं सांगितलंस, ते त्याला दिसत नाही. बायको दुपारी घरात नसते, ते दिसतं.”

लतीफ कबूल झाला. पावसाळा संपला की करू, म्हणाला. भावाशी तो स्वतः बोलला, बऱ्याच महिन्यांनी. दाऊदभाईंनी मला दुकानात बोलावून चहा पाजला आणि दोराचं एक भेंडोळं उगीचच सोडत-गुंडाळत म्हणाले, “ताईंनी बांधलं बघा, तुमच्या सिमेंटच्या आधी.”

त्याच पावसाळ्यात वसुधाचं दुखणं निघालं. पुढचं वर्ष खारघर आणि परळच्या इस्पितळांत गेलं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की इतर सगळी कामं तिने मनातून सोडली होती, हे एक सोडून. औषधाच्या गुंगीतून जागी झाली की विचारायची, “जोडला का?” मी दोनदा लतीफकडे जाऊन आलो. तो म्हणायचा, “ताईंना बरं होऊ द्या साहेब, त्यांच्या देखरेखीखालीच करू.” हे तो आदराने म्हणत होता असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

ती गेली तेव्हा दोघे भाऊ वेगवेगळे भेटायला आले. दिवसकार्य उरकल्यावर मी काशिनाथला घेऊन त्या घरी गेलो. जाळी आणि सिमेंट बरोबर घेतलं होतं. लतीफची बायको वसुधाचं नाव काढून रडली. लतीफने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

“आता काय जोडता साहेब,” तो हळू आवाजात म्हणाला. “विमानतळ येतोय. बिल्डर रोज दारात आहे. दोघांना दोन-दोन फ्लॅट. फक्त भाभी अडून बसल्यात.”

खैरूनभाभी खरोखरच अडून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “साहेब, या घरात मला काही कमी नाही. कशाला जाऊ? तुम्ही तो पट्टा जोडून टाका, मग घर कच्चं आहे असं कुणी बोलणार नाही.” मी दाऊदभाईंना म्हटलं, लतीफची परवानगी तेवढी मिळवा, मी पदरचं घालून करतो. लतीफ ‘बघू’वर आला होता. अजून थोडा आग्रह केला असता तर तो मानला असता, कारण त्याला कुणाला सरळ नाही म्हणताच येत नसे.

तेवढ्यात अहवाल आला. बिल्डरने नव्या पनवेलमधल्या एका तरुण अभियंत्याकडून घराची तपासणी करून घेतली होती. अहवालात लिहिलं होतं की भूकंपरोधक पट्टा पुढच्या आणि मागच्या भिंतीत खंडित आहे, उजव्या बाजूचं छप्पर भिंतींना जखडलेलं नाही, सबब ही इमारत भूकंपाच्या धक्क्याला तोंड देऊ शकणार नाही, राहण्यास असुरक्षित आहे. मी तो अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. माझीच वाक्यं होती ती. त्याच अंगणात लतीफला मी हेच ओरडून सांगितलं होतं.

मी त्या अभियंत्याला भेटलो. मुलगा सभ्य होता. मला ‘सर’ म्हणाला, माझं एक व्याख्यान त्याने ऐकलं होतं.

“पट्टा कापलाय हे लिहिलंत,” मी विचारलं. “तो जोडता येतो, आठवड्याचं काम आहे, हे का नाही लिहिलंत?”

“सर, ते विचारलं नव्हतं,” तो म्हणाला.

या उत्तराबद्दल माझ्या मनात जे आहे ते छापण्यासारखं नाही. आपल्या विद्येचा एवढा नेमका उपयोग आम्हाला कुणी शिकवला नव्हता.

अहवालाचा फोटो लतीफने पुतण्याला, दाऊदभाईंच्या कुवेतमधल्या मुलाला, मोबाइलवर पाठवला. त्या रात्रीपासून मुलाचे फोन सुरू झाले. “अम्मी, मला इथे झोप लागत नाही. लिहून दिलंय इंजिनियरने.” दाऊदभाई दुकानात माझ्यासमोर मान खाली घालून बसले. “तुमचं मला कळतं साहेब. तो तिकडे आहे, त्याला मी कसं समजावू? आणि लिहिलंय ते तुम्हीसुद्धा खोटं म्हणत नाही.”

म्हणत नव्हतो. मी म्हणत होतो, जोडू द्या. पण ज्या भीतीने इतक्या वर्षांत आमचा एक पट्टा विकला गेला नव्हता, त्या भीतीने घर मात्र चार दिवसांत विकलं गेलं. ज्याने घर कमकुवत केलं त्याच्या हातात घर कमकुवत असल्याचा कागद होता, आणि तो खरा होता. याला फसवणूक म्हणावं तर कुणीच कुणाला फसवलं नव्हतं. खैरूनभाभींनी सही केली तेव्हा मी तिथे नव्हतो. त्या करंजाड्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेल्या.

घर पाडायच्या दिवशी मी गेलो. जायचं कारण नव्हतं. गेटपाशी खैरूनभाभी उभ्या होत्या, एकट्याच.

पाडकामाच्या मशीनने आधी उजव्या बाजूला हात घातला. लतीफने त्या बाजूला नंतर एसीसाठी आणि मोठ्या खिडकीसाठी आणखी कापाकापी केली होती. पहिल्याच रेट्याला पुढची भिंत सबंध बाहेर आडवी झाली आणि छत आत बसलं. पुस्तकात काढतात तसं. धूळ खाली बसली. मग मशीन डावीकडे वळलं.

डावी बाजू हलेना. ड्रायव्हरने भिंतीला रेटा दिला, ती थोडी कलली आणि थांबली. खालचे दगड निखळून पडले, वरचा भाग जाळीला लोंबकळत राहिला. कोपरा उघडला नाही. छपराचे वासे भिंतीला धरून होते आणि भिंत वाशांना. मशीनचा रेटा आणि भूकंपाचा धक्का एक नसतो हे मला माहीत आहे, त्यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण अर्धा तास तो माणूस त्या भिंतीशी झगडत होता. शेवटी खाली उतरून कंत्राटदाराला म्हणाला, “शेट, काय घातलाय यात? सुटतच नाय.”

कंत्राटदाराने दोन मजुरांना गॅसकटर घेऊन पाठवलं. ते थेट त्या लोंबकळत्या भिंतीखाली जाऊन उभे राहिले आणि जिथे हात पोचतो तिथून आडवा पट्टा कापायला लागले. तो तिथून तुटला असता तर सगळी भिंत त्यांच्या डोक्यावर आली असती. मी ओरडलो. त्यांना बाहेर काढलं.

ड्रायव्हर माझ्याजवळ आला. “तुमीच बांधला म्हनं ह्यो? मग सांगा ना, कुटं कापायचा.”

मी सांगितलं. आधी वासे जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, वरून, शिडी बाहेरून लावून. मग दोन्ही कोपऱ्यांतल्या उभ्या जाळ्या. आडवा पट्टा सगळ्यांत शेवटी, आणि तेव्हा आत कुणी उभं राहायचं नाही. जाळी गिलाव्याच्या आत नेमकी कुठे आहे ते मला न शोधता दाखवता येत होतं. मी बोटाने दाखवत गेलो, ते कापत गेले. शेवटचा दुवा तुटल्यावर मशीनने हलकासा धक्का दिला आणि भिंत मोकळ्या अंगणात पडली. कुणाला खरचटलंही नाही.

“मानला साहेब,” ड्रायव्हर धूळ झटकत म्हणाला. “येवढा म्हाइत व्हता तर आदीच सांगायचा ना.”

खैरूनभाभी त्याच्याकडे वळल्या.

“सांगत होते,” त्या म्हणाल्या. “हे पण, ताई पण.”